बाही वर करा

पहाटे साडेपाचला स्कूटर निघते ती अंदाजाने.
इथे जयेंद्रगंजचा चौक असावा.
चहावाल्याची शेगडी तांबडी दिसतेय, म्हणजे असावाच.
बाकी सगळा कोहरा.
घरात धुकं म्हणायला शिकवलं होतं,
पण जानेवारीत ग्वाल्हेरात जे उतरतं
त्याला धुकं म्हणणं म्हणजे
रजईला रुमाल म्हणणं.

डब्यात बर्फाची पिशवी, बारा नळ्या,
पिवळी टोपणं, जांभळी टोपणं.
दार उघडतं. मी म्हणते, बाही वर करा.
स्वेटर, त्याखाली स्वेटर, त्याखाली गरम बनियन,
मग कुठे हात सापडतो,
सोललेल्या मुळ्यासारखा.

कंपूला दिघेबाई, तळमजला.
समोर सहा मजली झाल्यापासून
ऊन त्यांच्याकडे येतं ते फक्त
सुनेने मोबाइलवर दाखवलेल्या गोव्यात.
रिपोर्ट : अकरा.

दाल बाजारच्या तळघरात साबिर मास्टर.
एकोणतीस वर्षं ट्यूबलाइटखाली शेरवान्या.
सूर्य? म्हणाले, ते वरच्या दुकानाचं गिऱ्हाईक.
या थंडीत तिसऱ्यांदा छाती भरली त्यांची,
कफ, ताप, वाफ, परत कफ.
टाके घालताना खोकला येऊ नये म्हणून
श्वास धरतात, सुई ओठांत.
रिपोर्ट : नऊ.

डॉक्टर भदौरियांना मी विचारलं,
हे ड जीवनसत्त्व घेतलं की खोकला येणार नाही?
ते पेनाचं टोपण शोधत होते.
येईल, म्हणाले. कदाचित कमी वेळा.
ज्याच्या दिव्यात तेलच नाही
त्याच्यात थोडं थोडं घालायचं.
भरलेल्यात ओतलं तर सांडतं,
आणि एकदम बाटली पालथी केली तरी
उजेड काही वाढत नाही.
टोपण खिशातच होतं.

त्या दिवशी एक नळी उरली.
दातांत पट्टा धरून
स्वतःच्याच डाव्या हाताला म्हणाले, बाही वर कर.

सात.
लॅबमधला निमिष म्हणाला, नळ्या बदलल्या असणार,
दिवसभर उन्हात फिरतेस तू!
फिरते की.
हेल्मेट, गॉगल, डोळ्यांपर्यंत ओढणी,
कोपरापर्यंत मोजे.
मे महिन्यात तर मला बघून
बँकेचा चौकीदार बंदूक सावरून बसतो.
ऊन माझ्या कपड्यांना ओळखतं.
मला नाही.

लष्करच्या मराठी शाळेत, पाचवीत,
रिकाम्या जागा भरा :
सूर्यप्रकाशापासून ... जीवनसत्त्व मिळते.
मी ड लिहिलं होतं. पूर्ण गुण.
वही बाईंकडे गेली,
जागा माझ्यात राहिली.

एकोणतीस जानेवारी. अकरा चाळीस.
मास्टरांचं रक्त पुन्हा घ्यायचं होतं,
तळघरात उतरले तर मशीन बंद, खुर्ची रिकामी.
मला उगाच धस्स झालं.
वरून कुणीतरी खोकलं.

गच्चीवर कोहरा फाटला होता.
दूर किल्ल्याची कड, ओली, काळी,
शेजारच्या गच्च्यांवर गाद्या, पापड,
एक नुकतं न्हालेलं बाळ, उघडं, रागावलेलं.
मास्टर टाकीला टेकून शेरवानीला बटणं लावत होते.
मी त्यांना डॉक्टरांचं सांगितलं :
सावली आपल्यापेक्षा लांब असली
तर ते नुसतं ऊबेचं ऊन, त्यात फारसं काही नसतं.

मास्टरांनी गळ्यातला फीता काढला.
मला मोजलं, टाचेपासून : एकसष्ट.
मग गुडघ्यांवर बसले,
चष्मा वर केला,
आणि गच्चीच्या सिमेंटवर माझी सावली मोजली,
नवरदेवाच्या खांद्याइतकी नीट.
त्रेसष्ट.

दोन इंच जास्त आहे, म्हणाले.
थांबू या.

सुई, कापूस, नळी डब्यातच राहिली.
आम्ही थांबलो.
त्यांना एकदा ढास लागली, बरीच लांब.
बाळाची आई या बाजूला वळून बघायला लागली.
मग थांबली ढास.
त्यांनी परत फीता टाकला, वाकून पाहिलं,
काही आकडा सांगितला नाही.
नुसतं म्हणाले,
हं, बेटा, बाही वर कर.